माशांच्या टाकीवर यंत्राचा पहारा

50 लिटरच्या टाकीत 200 वॅटचा हीटर असेल आणि त्याचा थर्मोस्टॅट चालू अवस्थेतच अडकला, तर पाणी तासाला सुमारे 3 अंशांनी तापू लागते. रात्री 11 वाजता 26 अंशांवर असलेली टाकी पहाटेपर्यंत पस्तिशी ओलांडते. तोवर घर झोपेत असते. हीटरमधला स्विच दिवसभरात कितीतरी वेळा जोडला आणि तोडला जातो. दर वेळी त्याच्या संपर्कबिंदूंवर बारीक ठिणगी पडते आणि कधीतरी ते बिंदू एकमेकांना चिकटून बसतात. मासे पाळणाऱ्या जुन्या मंडळींपैकी अनेकांनी हे आपल्या किंवा ओळखीतल्या टाकीत पाहिलेले आहे. 1951 साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने मुंबईत येणाऱ्या कित्येक पिढ्यांना या छंदाची गोडी लावली. सार्वजनिक मत्स्यालयात पाण्यावर नजर ठेवायला पगारी माणसे असतात. दिवाणखान्यातल्या टाकीजवळ मात्र दिवसातले बरेच तास कोणीच नसते. स्वयंचलित कंट्रोलरची गरज इथून सुरू होते.

कंट्रोलर म्हणजे टाकीच्या पाण्यात सोडलेले एक किंवा अनेक सेन्सर, त्यांचे आकडे वाचणारा छोटा संगणक आणि त्याच्या हुकमाने चालू-बंद होणारे प्लग. तापमान ठरावीक मर्यादेच्या वर गेले की हीटर बंद, पंखा सुरू आणि मालकाच्या मोबाइलवर सूचना, असा त्याचा साधा व्यवहार आहे. अमेरिकेतल्या नेपच्यून सिस्टिम्सचा ‘एपेक्स’ आणि जर्मनीतल्या जीएचएल कंपनीचा ‘प्रोफिलक्स’ ही या क्षेत्रातली ठळक नावे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारी ‘रीफ-पाय’ नावाची खुली प्रणालीही आहे. ही सगळी यंत्रे मुख्यतः समुद्री प्रवाळांच्या टाक्यांसाठी वाढली. प्रवाळाला तापमान, खारेपणा, पाण्यातले कॅल्शियम आणि क्षारता यांतला थोडाही चढउतार सोसत नाही. शिवाय अशा टाकीवर झालेला खर्च मोठा असतो, त्यामुळे तिच्या राखणीसाठी हजारो रुपयांचे यंत्र घ्यायला तिथला हौशी माणूस तयार होतो.

आपल्याकडचे चित्र निराळे आहे आणि ते निराळेच असायला हवे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत खडक रचणाऱ्या प्रवाळांचा आणि समुद्रघोड्यांचा समावेश 2001 साली झाला. आपल्या समुद्रातला जिवंत प्रवाळ तोडून घरी आणणे हा गुन्हा आहे आणि कोणत्याही कंट्रोलरची जाहिरात पाहून तो मोह होऊ नये. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य घरगुती टाक्या गोड्या पाण्याच्या आहेत. त्यांत गप्पी, एंजल, गोल्डफिश, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न किंवा डिस्कस असतात, आणि अलीकडे पाणवनस्पतींनी भरलेल्या टाक्याही वाढल्या आहेत. या टाक्यांना डझनभर सेन्सरांची गरज नाही. पण एक गोष्ट त्यांना नक्की हवी. बिघाड झालाच तर तो मासे सोसू शकतील एवढ्यावरच थांबला पाहिजे. आमच्या मते कंट्रोलर घेण्याचा, न घेण्याचा आणि कसा लावायचा याचा विचार याच एका कसोटीवर व्हावा.

तापमानाचेच पाहू. कंट्रोलरला हात लावण्याआधी हीटरची निवड तपासावी. त्याच 50 लिटरच्या टाकीत 50 वॅटचा हीटर असता आणि तो अडकला असता, तर पाणी खोलीच्या हवेपेक्षा साधारण 8 अंश वर जाऊन थांबले असते, कारण तेवढ्या फरकाला टाकीतून बाहेर जाणारी उष्णता हीटरच्या उष्णतेइतकी होते. नाशिक-पुण्याच्या हिवाळी रात्री खोली 19 अंशांवर असेल, तर पाणी 27 वर अडते. मासे सकाळी जिवंत सापडतात. मोठ्या टाकीत एका दांडग्या हीटरऐवजी दोन छोटे लावावेत. एक चालू अवस्थेत अडकला तरी पाणी उकळत नाही, आणि एक बंद पडला तरी दुसरा थंडी थोडीफार रोखतो. या शहाणपणाला एक पैशाचेही इलेक्ट्रॉनिक्स लागत नाही. दुकानदाराने टाकी विकताना ते सांगायला हवे, पण बहुतेकदा हाताशी असेल तो हीटर पिशवीत पडतो.

त्यानंतर कंट्रोलर. बाजारात काही शे रुपयांना मिळणारा, दोन आकडे दाखवणारा डिजिटल थर्मोस्टॅटही हे काम करतो. तो 26 अंशांवर लावावा आणि हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट 27 वर ठेवावा. वीज आधी कंट्रोलरमधून आणि मग हीटरच्या स्विचमधून जाते, म्हणून दोघांपैकी कोणीही एकाने नकार दिला की हीटर बंद होतो. कंट्रोलरच्या आतला रिलेसुद्धा हीटरच्या स्विचसारखाच चिकटू शकतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. पण दोन्ही एकाच रात्री चिकटण्याची शक्यता फार कमी. मात्र इथे एक छुपा धोका आहे. राखीव स्विचला एरवी कामच पडत नसल्याने तो महिन्यापूर्वीच निकामी झाला असेल तरी कळत नाही. म्हणून अधूनमधून कंट्रोलर मुद्दाम वर चढवून 27 अंशांना हीटर आपोआप बंद होतो का, हे उभे राहून पाहावे लागते.

सेन्सरची वायर हा दुसरा कच्चा दुवा. पाणी बदलताना पातळी खाली जाते आणि सेन्सर हवेत लोंबकळतो. कुणी टाकी पुसताना तो बाहेर काढतो आणि परत सोडायला विसरतो. आता तो खोलीतल्या हवेचे 20 अंश वाचतो, कंट्रोलरला वाटते पाणी गार झाले, आणि तो हीटर चालूच ठेवतो. राखणीसाठी बसवलेल्या यंत्रानेच टाकी शिजवण्याचा हा प्रकार आहे. जे हौशी विद्यार्थी आर्डुइनो किंवा ईएसपी32 यांसारख्या छोट्या बोर्डांवर स्वतः कंट्रोलर बनवतात, त्यांच्यासाठी तर हे फारच महत्त्वाचे. त्यांच्या आवडीचा डीएस18बी20 हा सेन्सर स्वस्त आणि जलरोधक मिळतो, त्याची अचूकता अर्ध्या अंशापर्यंत असते. पण त्याची वायर तुटली की प्रचलित प्रोग्रॅममध्ये तापमान उणे 127 असे उमटते. ‘तापमान 26 पेक्षा कमी असेल तर हीटर चालू’ एवढीच ओळ लिहिलेली असेल, तर उणे 127 ला हीटर कायमचा चालू राहतो. प्रोग्रॅममध्ये दुसरी ओळ हवी: वाचलेला आकडा 15 ते 40 यांच्या बाहेरचा असेल, तर हीटर बंद आणि भोंगा चालू. सेन्सर हीटरच्या तळापेक्षा खाली आणि चिमट्याने घट्ट बसवावा, म्हणजे पाणी बदलतानाही तो बुडालेलाच राहील.

आपल्याकडे मात्र थंडीपेक्षा उन्हाळा माशांचा मोठा वैरी. मार्च ते जून या काळात बहुतेक घरांनी हीटरचा प्लगच काढून ठेवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. तापलेल्या पाण्यात दोन गोष्टी उलट दिशांनी जातात. 25 अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण 8.2 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 32 अंशांना तो 7.3 वर येतो. त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढत असते, कारण थंड रक्ताच्या प्राण्याच्या शरीरातले व्यापार तापमानाबरोबर वेगावतात. बेट्टा आणि गुरामी पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतात, पण टेट्रा आणि गोल्डफिश यांना तशी सोय नाही. गोल्डफिश हा तर मुळात थंड पाण्याचा मासा.

उन्हाळ्यात कंट्रोलरच्या हाती स्वस्तातले एकच अस्त्र असते: पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा. 100 लिटर पाणी 1 अंशाने गार करायला केवळ 170 मिलिलिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन जावे लागते, इतकी उष्णता बाष्पीभवन ओढून नेते. पण हे हवेतल्या दमटपणावर अवलंबून आहे. नागपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत पंखा टाकीला हवेपेक्षा कितीतरी गार ठेवू शकतो. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत तोच पंखा धापा टाकतो आणि कंट्रोलरने तो दिवसभर चालवला तरी पाणी 29-30 च्या खाली येईलच असे नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्याने ही मर्यादा ओळखून मासे निवडावेत. 22 अंशांची सवय असलेला मासा ठाण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेच्या खिडकीत ठेवून त्याचे रक्षण यंत्रावर सोपवणे हा त्या माशावरचा अन्याय आहे.

पंख्यामुळे पाणी भराभर आटते आणि मग आटलेले पाणी आपोआप भरणारी व्यवस्था लावण्याचा विचार येतो. पाण्यात तरंगणारा स्विच आणि शेजारच्या बादलीत छोटा पंप, इतकी ती साधी असते. स्विचवर शेवाळ किंवा गोगलगाय चढली की तो अडकतो आणि पंप थांबत नाही. उपाय सोपा आहे. बादलीच एवढी लहान ठेवावी की ती पूर्ण रिकामी झाली तरी टाकी ओसंडणार नाही. नळ थेट टाकीला जोडू नये. पावसाळ्यात पालिका पाण्यातला क्लोरीन वाढवतात, आणि तो क्लोरीन काढणारे औषध न टाकता थेट माशांच्या कल्ल्यांपर्यंत जाऊ देणे परवडणारे नाही.

विजेचा प्रश्न याहून गंभीर. वीज गेली की हीटर बंद पडण्याची काळजी सगळे करतात, पण आपल्या हवेत ती सहसा दुय्यम असते. खरा धोका पाण्याची हालचाल थांबण्यात आहे. पाण्याचा पृष्ठभाग स्थिर झाला की हवेतला प्राणवायू आत मिसळण्याचा वेग मंदावतो. फिल्टरच्या स्पंजात आणि खड्यांत राहणारे जीवाणू माशांच्या मलमूत्रातला अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये बदलत असतात. हे जीवाणूही प्राणवायूवर जगतात. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये पाणी काही तास साचून राहिले की त्यातला प्राणवायू संपतो, पाणी कुजते, आणि वीज आल्यावर तेच घाण पाणी मोटर टाकीत ढकलते. भारनियमन किंवा वादळात वीज बराच वेळ गेल्यास असा फिल्टर सुरू करण्याआधी तो उघडून आतले पाणी ओतून द्यावे.

या प्रसंगी महागडा कंट्रोलर अनेकदा मुका होतो. वीज गेली की त्याच्याबरोबर घरातला वाय-फाय राउटरही बंद पडतो आणि ज्या क्षणी सूचना यायला हवी, त्याच क्षणी ती येत नाही. काही चांगल्या प्रणालींत दूरवरचा सर्व्हर टाकीकडून ठरावीक वेळाने संदेश आला की नाही हे पाहतो आणि तो थांबला की मालकाला कळवतो. कंट्रोलर निवडताना ही सोय आहे का, हे सगळ्यात आधी विचारावे. कंट्रोलर आणि राउटर दोन्ही छोट्या यूपीएसवर ठेवावेत. आणि घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर टाकीतला फक्त हवेचा पंप जोडावा. तो काही वॅटच वीज खातो, त्यामुळे इन्व्हर्टरवर भार पडत नाही. वीज जाताच बॅटरीवर आपोआप सुरू होणारे हवेचे पंपही मिळतात. आमच्या अंदाजाने महाराष्ट्रातल्या टाकीसाठी खर्चाच्या मानाने सर्वांत गुणकारी स्वयंचलित यंत्र कोणते म्हणाल तर हेच, आणि त्याला ना सेन्सर लागतो ना मोबाइल.

आता पाणवनस्पतींच्या टाक्या. ताकाशी आमानो या जपानी छायाचित्रकाराने निसर्गदृश्यासारख्या सजवलेल्या टाक्यांची जी शैली रूढ केली, तिचे वेड आपल्याकडेही पोचले आहे. 2015 साली आमानो गेले, पण त्यांच्या शैलीतल्या टाक्या वाढतच आहेत. या टाक्यांत वनस्पतींसाठी सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडतात. हा वायू पाण्यात विरघळला की पीएच घसरतो, म्हणून पीएच मोजणारा कंट्रोलर लावून ‘6.6 ला पोचला की वायू बंद’ अशी योजना करतात. ऐकायला हे चोख वाटते. पण पीएच आणि वायू यांचे नाते पाण्याच्या कार्बोनेट कठीणपणावर, म्हणजे ज्याला हौशी मंडळी ‘केएच’ म्हणतात त्यावर ठरते. केएच 4 असेल तर 6.6 पीएचला पाण्यात लिटरमागे सुमारे 30 मिलिग्रॅम वायू असतो, आणि वनस्पतींसाठी तेवढाच हवा असतो. उन्हाळ्यात सोसायटीत पालिकेचे पाणी कमी पडले आणि टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी आले, तर केएच सहज दुप्पट होते. आता तोच कंट्रोलर तोच 6.6 गाठण्यासाठी जवळपास 60 मिलिग्रॅम वायू आत सोडतो. मासे पृष्ठभागावर तोंड काढून धडपडू लागतात आणि पडद्यावरचा आकडा मात्र हिरवाच असतो.

यंत्राने हुकूम तंतोतंत पाळला. पाणी बदलले आहे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. पुण्यासारख्या शहरात जिथे एकाच आठवड्यात दोन-तीन ठिकाणचे पाणी नळाला येऊ शकते, तिथे वायूचा प्रवाह हाताने, कमी ठरवून, दिव्यांच्या वेळेपुरता टायमरने सोडावा आणि पीएच कंट्रोलर फक्त धोक्याची मर्यादा म्हणून ठेवावा. सिलिंडर संपत आला की स्वस्त रेग्युलेटरमधून वायू अचानक जोरात सुटतो, त्या वेळी ही मर्यादा उपयोगी पडते. पीएचचा सेन्सरही काचेचा नाजूक जीव आहे. 7 आणि 4 च्या मानक द्रावणात त्याला दर महिन्या-दीड महिन्याने तपासावे लागते, तो कोरडा पडला की बिघडतो, आणि एक-दोन वर्षांत बदलावाच लागतो. ज्यांच्याकडे ही शिस्त नाही त्यांनी पीएच सेन्सर न घेतलेला बरा.

घरगुती कंट्रोलरला सहसा न दिसणाऱ्या गोष्टींत अमोनिया पहिला. नवीन टाकीत फिल्टरमधली जीवाणूंची वस्ती बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर अमोनिया साचत राहतो, आणि नव्या हौशी लोकांचे मासे सर्वाधिक याच काळात जातात. अमोनियाचे विष पीएचवर अवलंबून असते. 25 अंशांना पीएच 7 असताना त्यातला साधारण अर्धा टक्का भागच विषारी रूपात असतो, पीएच 8 झाला की तो 5 टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे एकाच अमोनियाचे विष दहापट. तापमान आणि पीएच दोन्ही ‘ठीक’ दाखवणारा पडदा अशा टाकीसमोर निरर्थक ठरतो. तिथे थेंबांची चाचणी आणि नवीन टाकीत मासे थोडे-थोडे सोडण्याचा संयम, हेच कामी येते. अंगावरचे पांढरे ठिपके, मिटलेले पर, कोपऱ्यात एकटा राहू लागलेला मासा, घाईघाईने होणारी कल्ल्यांची हालचाल हे सगळे डोळ्यांनीच पाहावे लागते.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी 1983 साली ‘ऑटोमॅटिका’ या नियतकालिकात स्वयंचलित यंत्रे आणि माणूस यांच्या नात्यासंबंधी एक महत्त्वाचा लेख लिहिला होता. त्यांचा विषय कारखान्यातले नियंत्रणकक्ष हा होता, पण मुद्दा इथेही लागू आहे. यंत्र नेहमीचे काम स्वतःकडे घेते आणि माणसाकडे फक्त आणीबाणी उरते. नेहमीचे काम सुटल्यामुळे माणसाचा हात आणि नजर बोथट होते, आणि नेमक्या कठीण प्रसंगी त्याच माणसाकडून कौशल्याची अपेक्षा केली जाते. माशांना खाणे घालणे हे याचे उत्तम उदाहरण. दिवसातून एकदा चिमूटभर खाणे टाकताना माणूस टाकीसमोर दोन मिनिटे उभा राहतो. कोण खायला पुढे आले नाही, कोण वाकडे पोहते आहे, हे त्याला त्या दोन मिनिटांत कळते. आपोआप खाणे टाकणारे यंत्र लावले की ती दोन मिनिटे जातात. वर पावसाळ्यात दमट हवेने खाण्याचा गोळा होतो आणि एक दिवस तो पुराच्या पुरा पाण्यात पडतो. चार-पाच दिवस गावी जायचे असेल तर निरोगी, वाढ झालेल्या माशांना उपाशी ठेवणे यंत्रावर सोपवण्यापेक्षा सुरक्षित असते. शेजाऱ्याला सांगायचेच असेल तर रोजचे खाणे वेगवेगळ्या पुड्यांत बांधून द्यावे.

कंट्रोलरबद्दल बोलताना माणसाच्या जिवाचा उल्लेख राहू नये. टाकीभोवती पाणी आणि 230 व्होल्टची वीज शेजारी-शेजारी नांदतात, आणि कंट्रोलर आला की प्लगांची संख्या वाढते. टाकीच्या सर्किटवर 30 मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी असावा, अर्थिंग खरोखर जोडलेले आहे का हे वायरमनकडून तपासून घ्यावे. प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबती वळवून मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी वळणाच्या तळाशी गळून पडते. पाण्यात हात घालण्याआधी सगळे प्लग काढावेत. घरात लहान मूल असेल तर एक्स्टेन्शन बोर्ड टाकीच्या खालच्या कपाटात ठेवू नये, बाजूला उंचावर लावावा.

शाळा, दवाखाने, बँका आणि हॉटेलांच्या स्वागतकक्षातल्या टाक्यांकडे तर विशेष लक्ष द्यायला हवे. शनिवारी संध्याकाळी दार लागते ते सोमवारी सकाळीच उघडते. वॉचमन मुख्य स्विच पाडून जातो, की रविवारभर ना हवा ना फिल्टर. अशा ठिकाणी टाकीचे वेगळे, ठळक खूण केलेले सर्किट आणि बॅटरीवरचा हवेचा पंप ही अटच मानावी. ती पाळता येत नसेल तर तिथे टाकी ठेवू नये. क्रॉफर्ड मार्केटपासून तालुक्याच्या गावातल्या दुकानांपर्यंत मासे विकणाऱ्यांनी प्रत्येक हीटरबरोबर तापमान तोडणारा साधा थर्मोस्टॅट दाखवायला सुरुवात केली, तर ग्राहकाला काही शे रुपये जास्त मोजायला हरकत वाटणार नाही. मेलेल्या माशांपोटी छंदच सोडून देणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा तो दुकानदाराच्याही फायद्याचा.

अभियांत्रिकी आणि पॉलिटेक्निक महाविद्यालयांत दरवर्षी ‘स्मार्ट अक्वेरियम’ हा विषय शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत दिसतो. विद्यार्थ्यांची मेहनत खरी असते आणि त्यातून आपल्या हवापाण्याला साजेशी, परवडणारी यंत्रे उभी राहू शकतात. आज अशा प्रकल्पाचे गुण मोबाइल ॲप किती देखणे आणि सेन्सर किती, यावर ठरण्याची शक्यता अधिक. परीक्षकांनी प्रात्यक्षिकाच्या वेळी तीन गोष्टी कराव्यात: तापमानाचा सेन्सर पाण्यातून उचलून टेबलावर ठेवावा, मग त्याची वायर उपटावी, आणि शेवटी वाय-फाय बंद करून मुख्य वीज तोडून परत जोडावी. या तिन्ही प्रसंगी हीटर बंद राहतो का आणि हवेचा पंप चालू राहतो का, ते पाहून गुण द्यावेत.